आत्यानंतरचा वर्ग

१ फेब्रुवारी १९९८, रविवार
पावसाळ्यानंतर आजच वही उघडली. उशिराबद्दल माफी मागणार होतो. पण वाचणारा मीच, तेव्हा मागायची मीच आणि द्यायचीही मीच. बायको वारल्यापासून, डायना गेल्यापासून, लिहावंसं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. एकलहऱ्याची बस, ऑफिस, जेवण, झोप.

रेबेका आत्या इस्राएलला मुलाकडे चालली, कायमची. रिटायर झाल्यापासून वस्तीतल्या दहावीच्या मुलींना संध्याकाळी मंडळाच्या खोलीत फुकट शिकवते. म्हणाली, "वर्ग तू घे. नाहीतर मंडळ खोली कॅरमला देईल, टपूनच बसलेत." हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही.

८ फेब्रु., रविवार
आत्याच्या प्रवासासाठी मलिदा केला. गोड पोहे, खोबरं, फळं. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची प्रार्थना मी वाचली. इथं हिब्रू वाचणारं दुसरं कोणी उरलं नाही. ओठ हलत होते, आत काही नाही. असं वाचलेलं चालतं का?

"तू वाच रे. चालतं की नाही ते त्याला ठरवू दे," आत्या म्हणाली.

वर्गातल्या मुलीही आलेल्या. मंगलने दुसऱ्यांदा मलिदा मागून घेतला. "बाई, दरवर्षी जात जा तुम्ही." आत्या हसली. मग मोरीत बराच वेळ हात धूत राहिली.

१० फेब्रु., मंगळवार
आत्या गेली. स्टेशनवर पोचवलं. रडू आलं नाही. संध्याकाळी वर्गावर. फक्त परीक्षेपर्यंत, असं मनाशी घोकत.

१५ फेब्रु., रविवार
शुक्रवारचं आज लिहितोय. दिवे लागल्यावर वर्गावर गेलो, वार लक्षातच नव्हता. फळ्यावर त्रिकोण काढायला लागलो तर सगळा वर्ग ओरडला, "काका, शुक्रवार!"

"मग?"

"मग काय मग? शब्बाथ लागला ना! बाई खडूला हात नाय लावायच्या. त्या तोंडानं सांगायच्या, फळ्यावर आम्ही लिहायचो."

मंगलने खडू काढून घेतला. "बसा खाली. सांगा आता."

आमच्याकडे शुक्रवारचे दिवे डायना लावायची. ती गेल्यावर घरात शुक्रवार राहिलाच नाही. या मुलींनी मात्र पाळला. मी सांगत गेलो, मंगल लिहीत गेली. चुकली की बाकीच्या तिच्यावर तुटून पडत. प्रमेय सिद्ध झालं. बरं वाटलं असं लिहवत नाही. लक्षात राहिलंय, इतकंच.

१९ फेब्रु., गुरुवार
मंडळाचे सेक्रेटरी वर्गावर आले. "साहेब, परीक्षेनंतर खोली सोडताय ना? पोरं विचारतायत." मुलींच्या माना वह्यांत, पण पेनं थांबलेली. दारात नववीतल्या दोघी उभ्या, पुढच्या वर्षीच्या. "कळवतो," म्हणालो.

ते गेल्यावर मंगल: "कळवतो म्हणजे नायच असतं, काका. आमच्या पप्पांचं पण तसंच."

आत्याच्या जागी मन लावून शिकवणारं कोणी हवं. माझं मन कुठे आहे ते मलाच ठाऊक नाही. नुसत्या सवयीने जाणाऱ्याने मुलींचं वर्ष हातात घ्यावं का? आणि नाही घेतलं तर...

वर्गातली ट्यूब सारखी लुकलुकते. मुली डोळे चोळतात.

उद्या, शुक्रवार: स्टार्टर आणून बसवणे, दिवे लागायच्या आत.