शिंदीचा वास

आई, तुझं नाक तिखट होतं आणि त्याचा तुला अभिमान होता. दिवसभर विड्या वळून हाताला तंबाखूचा दर्प, तरी शेजारणीची आमटी करपलेली तुला आपल्या घरात बसून कळायची. चाळीतल्या बायका कौतुक करायच्या. मला मात्र त्या नाकाचा राग आहे, आणि तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो कमी होत नाही.

मी सातवीत होते. गृहशास्त्राच्या बाईंनी शाळेत पाव करायला शिकवलं. मैदा पाण्यात कालवून चार दिवस आंबवला, त्याला त्या खमीर म्हणायच्या. पाव झाल्यावर उरलेलं खमीर आम्हा मुलींना थोडं थोडं वाटलं आणि म्हणाल्या, रोज मूठभर मैदा घाला, रविवारी घरी भाजा. मी ते तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून ज्वारीच्या पिंपामागे लपवलं. तुला सांगितलं असतं तर मैदा नासवते म्हणून तू ते मोरीत ओतलं असतंस. पाव दादांसाठी, माझ्या वडिलांसाठी, करायचा होता. गिरणीतून आल्यावर चहात पाव बुडवून खायला त्यांना फार आवडायचं, आणि संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत शपथ घेतल्यापासून ते शिंदी प्यायला एकदाही गेले नव्हते. त्याचं कोणीतरी कौतुक करायला हवं होतं. तू तर कधी केलं नाहीस.

आपल्याकडचा उन्हाळा तो. शनिवारी दुपारी डबा उतू गेला आणि घरभर आंबट वास सुटला, अगदी शिंदीसारखा. दादा पहिल्या पाळीहून येऊन भिंतीला टेकून बसले आहेत. तू कारखान्यात विड्या देऊन येतेस आणि उंबऱ्यातच थांबतेस. पिंपामागे पाहत नाहीस, त्यांच्याजवळही जात नाहीस.

"शपथंला तीन म्हैनं बी न्हाय झालं की."

"म्या शिवली बी न्हाय," दादा म्हणाले.

"तुमच्या शब्दाला आता कुत्रं बी इचारत न्हाय."

ते उठले, चपला घातल्या आणि गेले. दिवेलागणीला परतले ते खरंच पिऊन. तू मला म्हणालीस, बघ, माझं नाक कधी चुकतं का. त्यानंतर त्यांनी पुन्हा शपथ घेतली नाही. पाच वर्षांनी ते गेले तेव्हा तू भेटायला आलेल्या बायकांना सांगत होतीस, शिंदीनं नेलं. मला म्हणावंसं वाटलं, शिंदीनं नव्हे, तुझ्या जिभेनं नेलं.

परवा नातीनं तिच्या पावाचं उरलेलं खमीर फ्रिजमधून टाकायला काढलं. मी ते मागून घेतलं, कणीक आणि मीठ घालून मळलं, भाजलं. पाव चांगला फुगला. सगळ्यांनी खाल्ला, मी माझा तुकडा ताटलीतच ठेवला.

त्या दुपारी मी पिंपाला पाठ लावून उभी होते. जाताना दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. वास माझ्या डब्याचा आहे, एवढंच म्हणायचं होतं. तुझ्या माराला भ्यायले. रविवारी तू देवळात गेल्यावर तो डबा मीच मोरीत रिकामा केला, आणि तुलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तो तुपाचा डबा मी अजून जपलाय, हा कागद घडी करून त्यातच ठेवायचा आहे. तुझ्या नावानं लिहायला घेतला, कारण तुझ्यावर चिडता येतं. दादांच्या नावानं घेतला असता तर पहिली ओळसुद्धा लिहिता आली नसती.