बूट सैल होईपर्यंत

१२ ऑगस्ट, सकाळ
हवामान चौकीतलं तापमान नोंदवत होतो, तेवढ्यात सासरेबुवा घोड्यावरून आले. खाली न उतरताच म्हणाले, जावईबापू, गुडघा यंदा शेवटचं वर चढू देतोय. ऑक्टोबरात रानबोकडाला जायचं. बरोबर येईल त्याला बंदूक देऊन टाकणार. मी म्हटलं, येणारच. ते म्हणाले, येणारच तर तुम्ही दरवर्षी असता. आणि घोडा वळवला.
बोलणं लागलं. लग्न झाल्यापासून माझी अडचण एकच आहे, पायात धड बूट नाहीत. एका वर्षी तर निघालोही होतो. पुलापर्यंत गेलो आणि सोल निघाला. माणसाने काय करावं?
संकल्प: यंदा बूट. डोंगरातल्या शिकारीचे, खरे.

१३ ऑगस्ट
बंदुकीसाठी भिंतीवर खिळा ठोकला. बायको, अनिपा, म्हणाली, आधी शिकार, मग खिळा. बायकांना दूरदृष्टी नसते.
अनिपा लहानपणी बापामागे पिशवी घेऊन डोंगरात हिंडायची. त्या हिंडण्याने तिची पावलं रुंद झाली. गलोश, म्हणजे मोज्यांवर चढवायचे रबरी जोडे, तिला चाळीस नंबरचे लागतात. सासरेबुवांनी तिचं शिकार संघाचं कार्डही अजून चालू ठेवलंय, दरवर्षी शिक्का मारून आणतात. म्हाताऱ्यांचे लाड.

१९ ऑगस्ट
बाजारात जाऊन आलो. जिल्ह्याच्या गावाला म्हणजे मिनीबसने अर्धा दिवस. रबरी बूट आहेत, नमाजाचे मऊ जोडे आहेत, लग्नात घालायचे टोकदार आहेत. डोंगरी शिकारीचे बूट मागितले तर विकणारी बाई म्हणाली, शिकारीला काय, हेच घालतात, आणि गलोश पुढे केले. सासरेबुवाही गलोशच घालतात, नमद्याच्या जाड लोकरी मोज्यांवर, दोरीने बांधून. त्यांनी त्या गलोशांत किती बोकड मारले हे मला सांगू नये. शास्त्र पुढे गेलंय.
खरं दुकान राजधानीत, बिश्केकमध्ये. फोनवर बघून निवड करावी लागणार.

२ सप्टेंबर
अभ्यास सुरू. सोल कडक हवा की लवचिक, यावर जगात दोन तट आहेत. कडक सोल खडकावर टिकतो पण वाजतो, आणि बोकड ऐकतो. चामडं टिकाऊ पण सुकायला वेळ घेतं. कापडी हलके पण दगडाने फाटतात. घोट्याच्या वर किती यावेत यावर एका जर्मन माणसाने तासभराचा व्हिडिओ केलाय. इथलं नेट बघता मला तो बघायला दोन दिवस लागले. तो शेवटी म्हणतो, दुकानात जाऊन घालून बघा. असली माणसं.

११ सप्टेंबर
सासरेबुवांचा निरोप: बूट आले का? कळवलं की निवड अंतिम टप्प्यात आहे. त्यांचा उलट निरोप: बोकडांनाही कळवतो, थांबा म्हणून.

१५ सप्टेंबर
पुलावर मुकाश भेटला. हा इसम शिकारीच्या दिवसांत पुलाच्या कठड्यावर बसून असतो. डोंगरातून शिकारी उतरला की 'शिरालगा' म्हणतो, की झालं. त्या एका शब्दावर शिकाऱ्याला आपल्या शिकारीतला वाटा द्यावाच लागतो, नाही म्हणायची सोय नाही. मागितल्याशिवाय मात्र द्यायचा नाही, तेवढीच काय ती अब्रू राखलेली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच. मला म्हणाला, एरमेक, यंदा तुझ्याकडून खाणार. मी म्हटलं, खाशील. पुढच्या पायाची नळी देईन त्याला. तिला मांस नसतं, पण नियम तर पाळला जातो.
असं पुलावर बसून राहायला माणूस कोडगाच लागतो.

२१ सप्टेंबर
ठरलं. तपकिरी चामडं, मध्यम कडक सोल, आत वॉटरप्रूफ अस्तर, पुढे रबराची पट्टी. दुकानात फोन केला. पोरगा म्हणाला, माप संध्याकाळी घ्या, उभं राहून, जाड मोजा घालून. पाय दिवसभरात फुगतो. कागदावर पाऊल काढून त्याचा फोटो पाठवा आणि वर एक नंबर जास्त घ्या.
हसू आलं. माप संध्याकाळी? आमच्या चौकीत इतकी वर्षं मी मापं घेतो. मोजमाप पहाटे, सावलीत, वस्तू थंड असताना. फुगलेल्या गोष्टीचं माप घेतं का कुणी?

२२ सप्टेंबर, पहाट
माप घेतलं. स्टुलावर बसून, अनवाणी. पेन्सिल जरा आत झुकवली, कारण कडेची कातडी काही पाऊल नव्हे. चाळीस. सैन्यातही मला चाळीसच होते, म्हणजे दुजोरा मिळाला. अनिपा म्हणाली, अहो, तेव्हा तुम्ही अठरा वर्षांचे होता आणि तुमच्या गलोशांवर बेचाळीस लिहिलंय. गलोश सैलच घेतात, म्हटलं. तिने पुढे वाद घातला नाही. पटलं असावं.
एक नंबर जास्त घेतला नाही. दुकानदारांना मोठे बूट विकायचे असतात.

९ ऑक्टोबर
बूट येईनात. मिनीबसवाला जोलचू म्हणतो दुकान बंद होतं, दुकानवाला म्हणतो जोलचू आलाच नाही. सासरेबुवा रविवारी निघायचं म्हणत होते. मी हवेचा दाब घसरल्याचं कारण सांगितलं, तीन दिवस हवा वाईट राहील. रविवारी इतकं लख्ख ऊन पडलं की सगळ्या गावाने गाद्या बाहेर टाकल्या. सासरेबुवांनी तर आमच्या फाटकासमोर टाकली आणि तिच्यावर बसून चहा प्यायला.

१८ ऑक्टोबर
बूट आले! जोलचूने खोकं मिनीबसच्या टपावरून काढलं तेव्हा अर्धं गाव जमलं. रिवाजाप्रमाणे नव्या वस्तूच्या निमित्ताने प्रत्येकाने काहीबाही दिलं, कुणी अंडी, कुणी मोज्यांची जोडी. मुकाशने फक्त आशीर्वाद दिला, बूट झिजोत, धनी टिको. मग बोटाने सोल दाबून म्हणाला, आधी वर जायला हवेत मात्र.
काय बूट आहेत. वास घेत बसलो. अनिपाने दोनदा जेवायला बोलावलं.

१९ ऑक्टोबर
घातले. थोडे शिस्तीचे आहेत. चांगलं चामडं सुरुवातीला आवळतंच.

२० ऑक्टोबर
चौकीत घालून गेलो. येताना हातात घेऊन आलो.

२३ ऑक्टोबर
उपाय सापडला. जुनी युक्ती आहे, बुटात ओले जव भरायचे, ते फुगले की चामडं ताणलं जातं. भरले. चुलीजवळ ठेवावेसे वाटले, पण चुलीने चामडं तडकतं, हे मला ठाऊक आहे. खिडकीत ठेवले.

२६ ऑक्टोबर
जवांना मोड आले. बूट होते तसेच. अनिपाने जव कोंबड्यांना घातले आणि म्हणाली, कोंबड्या तरी डोंगर चढतील.
सासरेबुवा येऊन गेले. जाताना खिळ्याकडे बघितलं, बोटाने हलवून पाहिला. म्हणाले, खिळा घट्ट आहे. मग म्हणाले, जावईबापू, मी बसायला उठायला लागलो की गुडघा वाजतो, घरातली मांजर पळते. नोव्हेंबरात खिंड बंद होईल. बोलले अगदी साधेपणाने. मला कसंसंच झालं.

२७ ऑक्टोबर
उजव्या टाचेला फोड, डाव्या अंगठ्याचं नख काळं. शास्त्रीय विचार केला. बूट सैल व्हायचे तर ते घालून चालायला हवं. मी चालू शकत नाही. अनिपाचा पाय चाळीस. ती रोज मेंढ्या घेऊन कड्यापर्यंत जाते. तिने आठवडाभर घालावेत, सैल झाले की मी घेईन.
तिला सांगितलं. तिने बूट उलटसुलट बघितले, नाडी ओढून पाहिली. विचारलं, नक्की? म्हटलं, आठवडाभर. स्वतःवर खूश आहे. प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने बघायला लागतं, ते सगळ्यांना जमत नाही.

२ नोव्हेंबर
अनिपा म्हणते बूट छान आहेत. मेंढ्या एरवी जायच्या त्याच्या वरच्या कुरणात नेल्या म्हणे. संध्याकाळी बापाकडेही गेली होती, बूट दाखवायला. दोघं मागच्या टेकडीवर चढून आली. त्यांना माझ्या निवडीचं कौतुक वाटलं असणार.

७ नोव्हेंबर
बूट परत मागितले. रुंदीला जरा सुटलेत, पण सुटलेत ते तिच्या पायाप्रमाणे. माझा अंगठा जिथे येतो तिथे चामडं होतं तसंच कडक. तिच्या अंगठ्याजवळ मऊ खळगा पडलाय. मी नाराजी दाखवली. ती म्हणाली, तुमच्या पायाने चालायचं मी कसं शिकू?

९ नोव्हेंबर, पहाटेनंतर लगेच
लिहिणार नव्हतो, पण लिहितो.
सासरेबुवा उजाडताच फाटकात. घोड्यावर खोगीर, मागे दोरी, पिशवीत नान आणि सुकं मांस, बंदूक पाठीला. पायात तेच गलोश. म्हणाले, आज नाही तर नाही. मी तयार होतो. बूट चढवले. दारापासून फाटकापर्यंत चाललो. आपल्या अंगणाची लांबी मला आजच कळली. फाटक धरून उभा राहिलो आणि म्हटलं, अजून एक आठवडा मिळाला तर.
ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या अनिपाच्या पायांकडे, आणि विचारलं, पोरी, हे बसतात कुणाला?
तिने मला फाटकाजवळच्या ओंडक्यावर बसवलं, गुडघ्यावर बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि एकेक बूट काढला, लहान मुलाचा काढावा तसा. टाचेचा फोड बघून म्हणाली, याला मेंढीची चरबी लावा. मग जाड मोजे घालून बूट स्वतःच्या पायात चढवले. एका दमात गेले. गाईचं दूध काढा, चूल विझू देऊ नका, असं मला सांगितलं आणि बापाच्या पिशवीला हात घातला. म्हातारा म्हणाला, राहू दे, आता पिशवी मी नेतो. तू बंदूक घे.
वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती एकदाही घसरली नाही. पकड उत्तम आहे. निवड चुकली नव्हती.

९ नोव्हेंबर, दुपार
नीट विचार केला तर त्यांना मीच पाठवलं म्हणायला हरकत नाही. बूट डोंगरात कसे वागतात याची चाचणी व्हायलाच हवी होती.
गाय लाथ मारते.

११ नोव्हेंबर
दाब खराच घसरतोय. चौकीत दर तासाला जाऊन बघतोय. यावेळी कारण नको होतं तर पडतोय. खिंडीवर ढग. काळजी वाटते, सरळ लिहून टाकतो. तिची वाटते, म्हाताऱ्याची वाटते. बुटांची नाही वाटत, याचं मलाच आश्चर्य वाटलं.
पुलापर्यंत जाऊन येतो. तिथून वाट लांबवर दिसते.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
पुलावर मुकाश बसलेला. मला बघून कठड्यावर सरकला, जागा केली. म्हणाला, ये, ये, दोघांना पुरेल. मी म्हटलं, मी वाट बघायला आलोय. तो म्हणाला, मी तरी काय करतो? त्याने सूर्यफुलाच्या बिया दिल्या. खाल्ल्या. थंडी फार होती, बसलो.
तिन्हीसांजेच्या आधी दिसले. म्हातारा घोड्यावर, खोगिरामागे रानबोकड बांधलेला, शिंगं घोड्याच्या दोन्ही बाजूंना. अनिपा लगाम धरून पुढे चालत होती. पाठीला बंदूक. चालत होती म्हणजे काय चालत होती. मला एकदम इतकं बरं वाटलं की उभा राहिलो आणि मग काय करायचं ते सुचेना.
मुकाशने वेळ दवडला नाही. शिरालगा, म्हणाला. अनिपाने सुरी काढली आणि मागच्या पायाचा मोठा तुकडा कापून दिला, हसत. मुकाशने दुवा दिली, हात तुझा थकू नये, बूट तुझे झिजोत. तुझे म्हणाला. मी ऐकलं.
मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, चल घरी. सासरेबुवा घोड्यावरून म्हणाले, जावईबापू, तुम्ही पुलावर उभे आहात. पुलावर उभा असलेला काय म्हणतो? मी म्हटलं, घरचंच तर आहे. ते म्हणाले, घरी पोहोचलं की घरचं. अनिपा समोर, सुरी हातात धरून उभी. ओठ दाबलेले, डोळे हसणारे, गाल वाऱ्याने लाल. इतकं आनंदी मी तिला फार दिवसांत बघितलं नव्हतं.
म्हटलं, शिरालगा.
हळू म्हटलं, पण मुकाशला ऐकू गेलं.
तिने पुढच्या पायाची नळी दिली.

१२ नोव्हेंबर
रात्रीपासून हिमवर्षाव, खिंड बंद झाली. बंदूक माझ्याच खिळ्यावर आहे, म्हणजे माझा अंदाज तसा बरोबर होता. हात लावायला गेलो तर अनिपा म्हणाली, थांबा, तेल दिलंय, पुसायची आहे. नळीचा रस्सा मात्र चांगला झाला. सासरेबुवांनी गुडघा लांब करून तीन वाट्या प्यायला आणि मला म्हणाले, बूट झकास निवडलेत हो. यात टोमणा होता की नव्हता, ठरवता येत नाही. नव्हता असं धरून चाललोय.
पुढच्या वर्षी स्वतःला बूट घेणार. माप संध्याकाळी. तूर्त कडक सोलच्या विरोधात नवे मुद्दे वाचनात आलेत.
दुपारी अनिपा म्हणाली, माझे बूट ओले आहेत, कुणी चुलीजवळ नाही ना ठेवले? मी आधीच खिडकीत ठेवले होते, आत कागद भरून, नाड्या काढून. शिवणीवर चरबी बोटाने चोळायची असते, फडक्याने नाही. चामडं सांभाळण्याची या घरात माझ्याइतकी जाण दुसऱ्या कुणाला नाही.