जारूच्येतली जळमटं

जारूच्ये, १२ सप्टेंबर १९५८

ती. तायसिया मावशीस,

ग्लेबचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इथे बटाटे निघाले, पाऊस आहे आणि मी परसातल्या न्हाणीघरात झोपतो. तुझ्या माहेरच्या गावाला एक शब्द विचारला, म्हणून.

बोलीकोशासाठी जळमटाचा इथला शब्द हवा आहे. पुस्तकी शब्द पाउतीना. (तो कोळ्याच्या नावावरून आला की विणण्यावरून, यावरून आमचे दोन प्राध्यापक एकमेकांशी बोलत नाहीत. स्त्रीलिंगी आहे यावर दोघांचं एकमत आहे. घरभर असली तरी एकवचनच.) इथला शब्द, त्याचं एक वाक्य आणि बोलणाऱ्या गावकरणीचं नाव सोमवारपर्यंत संस्थेत पोचलं नाही, तर माझी नेमणूक कायम होणार नाही.

घरमालकीण येवलांपिया फोमिनिच्नांना मी कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, याला काय म्हणता? कोपरा नेमका देवाच्या तसबिरीचा निघाला. "मेल्या, तिथे काय दिसलं तुला? माझ्या घरात असलं काही नसतं. जिनोव्याकडे जा, तिच्याकडे पोत्यानं मिळेल." मी गेलो (चूक माझी) आणि कोणी पाठवलं तेही सांगितलं. जिनोव्याबाई झाडू घेऊनच इकडे आल्या. अर्ध्या तासाने दोघींचं पटलं आणि माझं अंथरूण बाहेर आलं. दुपारपर्यंत गावातली अकराही घरं झाडून झाली. वस्तूच नाही, तर शब्द कुठला? न्हाणीघरात चार जळमटं आहेत. ती दाखवून पुन्हा विचारलं, तर येवलांपियाबाई म्हणाल्या, "ती तुझी. तू आल्यावर झाली."

तब्येतीला जप.

तुझा,
ग्लेब

ता. क. कागद भरून पाठवला. लहानपणी माझ्या केसांतली जळमटं झटकताना तू 'तेन्योता' म्हणायचीस, ते आठवलं. (हा मात्र बहुवचनी.) वाक्य: 'माझ्या घरी कोपऱ्याकोपऱ्यात तेन्योता लटकतात.' बोलणारी: तायसिया कोंद्रात्येव्ना, जन्म जारूच्ये. संस्थेने विचारलं तर हो म्हण.

आणखी एक. साक्षीदार म्हणून येवलांपियाबाईंची सही लागली. त्यांनी कागद दोनदा वाचला. "शब्द बरोबर आहे. आणि तायसियाच्या घरी असणारच." लगेच सही केली, अंथरूण आत घेतलं, कोबीचा पिरोग वाढला.

शेवटचं. त्या आणि जिनोव्याबाई शनिवारी तुझ्याकडे येताहेत, खात्री करायला. तोवर कृपा करून घर झाडू नकोस.