एका घराचे दोन कागद

बोरिवली,
१७ जानेवारी १९८८

प्रिय बाळा,

'प्रिय' लिहिलंय ते हाताच्या सवयीने. खोडलं असतं तर तू तेवढंच कुंदाला दाखवलं असतंस, आणि नवरा-बायकोने मिळून माझ्या नावाने बोटं मोडली असतीत. म्हणून राहू दिलं.

तुम्ही दोघं अंधेरीला तुझ्या सासऱ्यांच्या शेजारी राहायला गेल्यापासून तू इथे दोनदा आलास. एकदा गिऱ्हाईक घेऊन आणि एकदा नोटीस घेऊन. बहिणीला भेटायला म्हणून काही तुझे पाय वळले नाहीत. त्या गिऱ्हाइकाला तू माझ्या देवांसमोरून बूट घालून फिरवलंस आणि हे सगळं मिळून एकच घर आहे म्हणून सांगितलंस. मी ओट्याशी उभी होते, मला कोणी विचारलं नाही. तो गेल्यावर म्हणालास, "ताई, तुझं काय गं, एकटा जीव. दोन्ही एकदम विकू. तू आमच्या हॉलमध्ये झोपत जा ना." बावीस वर्षं औषधांच्या कंपनीत बाटल्यांना लेबलं लावून मी तुझ्या हॉलमधली गादी कमावली म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी हे घेतलं तेव्हा तुझ्या हुशारीचं मला केवढं कौतुक होतं! लागून असलेले दोन ब्लॉक, बिल्डर एक, दिवसही एक. एका कागदावर घेतले तर किंमत मोठी दिसणार, आणि किंमत चढली की स्टँप ड्युटीचा दरही चढतो. म्हणून तू दोन कागद केलेस, एक तुझ्या नावाचा, एक माझ्या. बिल्डरला मधली भिंत घालू नकोस हेही तूच सांगितलंस. माझ्या दारापुढे कुंदाचं कपाट आलं आणि सगळ्यांची ये-जा तुझ्या दारातून सुरू झाली. "कागदावर दोन, घरात एक," असं तू म्हणालास. मला ते इतकं गोड वाटलं की फंडातले सगळे पैसे काढून मी माझ्या कागदात घातले. भिंतीच्या जागी आपण झोपाळा टांगला.

तुला आठवत नसेल, पण जोगेश्वरीच्या खोलीत भांडण झालं की तू खडूने जमिनीवर रेघ ओढायचास. ही बाजू माझी, इकडे पाय ठेवायचा नाही. मग जरा ढग गडगडले की उशी घेऊन तूच माझ्या बाजूला यायचास. आई नव्हती, मी कुशीत घ्यायचे. रेघ ओढणारा तू आणि पुसणाराही तू, हे तेव्हापासूनचं आहे. मला आपली त्याची गंमत वाटायची.

मग ती नोटीस आली. कागद दोन असले तरी ही खरेदी एकच नाही का, आणि असेल तर दोन्ही किमती एकत्र धरून ड्युटी का लावू नये, असं त्यात विचारलं होतं. सरळ प्रश्न होता. तुझं तोंड मात्र एवढंसं झालं. मला खुर्चीवर बसवून तू मजकूर सांगायला लागलास, "लिही ताई, आमचे व्यवहार वेगळे आहेत. आमचा एकमेकांशी काही संबंध नाही." गिऱ्हाइकासमोर एक घर आणि सरकारसमोर दोन! मी पेन खाली ठेवलं, तसा तू चहा टाकून निघून गेलास. तुला कांजिण्या आल्या तेव्हा लागलेली पहिली नोकरी मी सोडली होती रे. काही संबंध नाही म्हणे. मला त्या दिवशी तुझी चीड आली, आणि ती अजून गेलेली नाही.

ते वाक्य मी लिहिलं नाही, पण ते कानातून जाईना. शेवटी मी गवंडी बोलावला. बिल्डरच्या नकाशात होती नेमकी तिथेच भिंत घालून घेतली. झोपाळा उतरवला, त्याच्या कड्या भिंतीच्या पोटात गेल्या. कुंदाचं कपाट तुझ्या बाजूला ढकललं आणि माझ्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. परवा ड्युटीचे साहेब घर बघायला आले. त्यांनी भिंतीला हात लावला तर गिलावा अजून ओला. ही कधीची, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "या आठवड्यातली. घेतलं तेव्हा घर एकच होतं. ड्युटी एका घराची लावा साहेब, पण भिंत राहू द्या." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

आता वाढीव ड्युटी येईल, दंडही येईल. माझा वाटा मी भरीन, तुझा तू भर. हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी की येत्या रविवारी तू त्या गिऱ्हाइकाला घेऊन माझी सही घ्यायला येणार आहेस. मी सही करणार नाही. तुझा ब्लॉक तू खुशाल वीक. आलास तर तुझ्या दाराने तुझ्या घरात जा. तिथून माझ्याकडे यायला आता वाट नाही. यायचंच असेल तर बाहेरून ये आणि बेल वाजव. उघडायचं की नाही ते मी तेव्हा ठरवीन.

तुझीच
शेजारीण,
जया