नांगर झालेली शिशाची पेटी

सुवा, ९ ऑगस्ट

प्रिय बाबा,

१. तुमच्या होडीचा नांगर म्हणजे दवाखान्यातून हरवलेली शिशाची पेटी आहे.
२. तिच्यातला किरणोत्सारी तुकडा त्याआधीच परदेशी परत गेला होता.
३. सुट्टीत मी पेटी यंत्राने तपासली. ती स्वच्छ आहे.

आईचा खोकला कसा आहे? तो पेटीमुळे नाही, हे तिला नक्की सांगा.

अण्वस्त्रमुक्त क्षेत्राच्या करारासाठी आपल्या देशाचा अहवाल मी लिहिते. त्यात हरवलेल्या वस्तूही आम्ही उघड सांगतो. त्यातून बाबांचं नाव गाळू का, असं मी आमच्या प्रमुख सेइनीताईंना विचारलं. त्या हसल्या. "अगं, तुझ्या बाबांनी बाँब नाही, नांगर केलाय. लिही." मी लिहिलं, आणि हलकं वाटलं.

होडीला पुन्हा प्रवाळाचा दगड बांधा. पेटी दवाखान्यात पोचवून वीस तारखेपर्यंत मला कळवा.

तुमची,
तारेती