आप्पांचं फिरलेलं भिंग

कोल्हापूर,
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सौंदर्या आक्का,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे मजेत. तुझी पाठदुखी कमी झाली का? आप्पा तपासणीला आले होते, काल शिरोळला परत गेले. स्टँडवर त्यांनी चष्म्याशिवाय एसटीची पाटी वाचली.

दुसरं ऑपरेशन का करावं लागलं, असं तू दोनदा विचारलंस. भिंग सरकलं, एवढंच मी सांगितलं. ते अर्धं खरं होतं.

आप्पांच्या बुबुळाची गोलाई एका बाजूला जास्त आहे. म्हणून मोतीबिंदू काढून मी त्यांना टोरिक, म्हणजे तो फरक भरून काढणारं भिंग बसवलं. ते ठरलेल्या कोनावरच टिकावं लागतं. तिसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, "अक्षरं फाकल्यागत दिसत्यात." तपासलं तर भिंग वीस अंश फिरलेलं.

मी पटकन विचारलं, "डोळा चोळलात का?"

"झोपंत चोळला असंल, बाळ."

मी तेच खरं धरून चालले. दोन दिवसांनी दुपारी खोलीत गेले, तर आप्पांनी टॉवेलनं आपला हात खाटेला बांधून घेतला होता. तसेच झोपले होते.

तेव्हा कुठे मी माझ्याच ऑपरेशनचं चित्रीकरण नीट पाहिलं. ऑपरेशनपुरतं डोळ्यात भरलेलं जेल भिंगामागून पूर्ण निघालं नव्हतं, त्यावरून ते घसरलं असणार. समोर आप्पांचा डोळा होता. मला तिथून लवकर सुटायचं होतं. घाई माझी होती.

गाठ सोडली आणि त्यांना सगळं सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरांकडे नेते, असंही म्हणाले.

ते बराच वेळ मनगट चोळत राहिले. मग म्हणाले, "कुठं चुकलं ते तुला ठाव हाय न्हवं? मग तूच कर की."

नवव्या दिवशी मीच केलं. शेजारी आमचे वरिष्ठ डॉक्टर विजयसिंह उभे होते. भिंग कोनावर आणलं, मागचं सगळं धुऊन काढलं, आणि कोनाच्या खुणा पुन्हा पुन्हा तपासूनच उठले. आज दोन महिने झाले, भिंग जागचं हललेलं नाही.

बापाच्या डोळ्याला हात लावू नकोस, असं तू म्हणाली होतीस. मी तुझ्यावर चिडले होते. त्या वेळी तुझंच बरोबर होतं. पण उजवा डोळा एप्रिलमध्ये करायचा आहे, आणि तो मीच करणार आहे. तू ये. बाहेर आप्पांची चप्पल सांभाळत बस, मला बरं वाटेल.

आप्पांवर आळ घेऊन दोन दिवस गप्प बसलेली, आता न घाबरणारी,
तुझी विद्याश्री