सेबास्टापिस्टेस आणि वि.

४ एप्रिल, शुक्रवार
माशानं आजही काही खाल्लं नाही. कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरून तोंडापुढे हलवला. ढिम्म. शेजारी स्टुलावर वि., तेही तसेच. सकाळची पोह्यांची बशी जिथं ठेवली तिथंच.
सासूबाई हसनाबादहून आल्यात, मुलाजवळ, म्हणजे वि.जवळ, कोणीतरी पाहिजे म्हणून. टाकीत वाकून पाहिलं. "लोक मासे खातेत, तुम्ही पाळून राह्यलात. ते बी असलं ढेकूळ! हलतंय का न्हाई हे?" मग वि.कडे बघून, "घरात दोन झाले म्हणायचे." मला हसू आलं. त्यांनाही. वि. हसले नाहीत. नंतर बराच वेळ लाज वाटत राहिली.

६ एप्रिल, रविवार
वि.चे मनाचे डॉक्टर म्हणाले होते, एखादा जीव सांभाळायला द्या. पोपट चालला असता. कुंडीतलं रोपही चाललं असतं. मी संभाजीनगरहून खाऱ्या पाण्याची टाकी आणि हा विंचूमासा आणला. शास्त्रीय नाव सेबास्टापिस्टेस. अंगठ्याएवढा, तपकिरी, पिवळे ठिपके. एम.एस्सी.चा प्रकल्प याच वंशावर केला, पण बाटलीतल्या रंग उडालेल्या नमुन्यांवर. जिवंत कधी पाहिला नव्हता.
म्हणजे आणला कोणासाठी?
पाठीवरच्या काट्यांत विष. माणूस सहसा मरत नाही, पण वेदना भयंकर. शेतावरची फवारणीची औषधं मीच दिरांकडे हलवायला लावली, घरात काही राहू नये म्हणून. आणि मग स्वतःच्या हातानं हे... वि.ना पहिल्याच दिवशी सांगितलं, पाण्यात हात घालायचा नाही. "बरं" म्हणाले. डॉक्टरांना मात्र नुसतं "मासा" एवढंच सांगितलं.

९ एप्रिल, बुधवार
दुपारी लाइट गेली. कॉलेजातून आले तर वि. टाकीपाशी उभे. मगानं पाणी काढून उंचावरून परत सोडतायत, हवा मिळावी म्हणून. शर्ट भिजलेला. टाकीत बर्फाची बाटली तरंगत होती. "अजून बाटल्या लाव फ्रीजात. पाणी तापून राह्यलंय."
हिवाळ्यापासून एवढं बोलले नव्हते. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.
लोक विचारतात, काय झालं ओ साहेबांना? बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत चांगली नोकरी, रोज ट्रेमधले कोंब तपासायचे, आणि एक दिवस जायचेच थांबले. काही झालं नाही. तेच तर कोणाला सांगता येत नाही.

१३ एप्रिल, रविवार
माशाच्या डोळ्यांवर पांढरट पडदा. कातडीचा रंग राखेसारखा. वि.नी विचारलं, "मरतोय का?"
मी म्हटलं, "कात टाकत असेल. त्याआधी खाणं बंद होतं."
विंचूमाशांतले काही टाकतात, हे खरं. हा वंश टाकतो का, मला माहीत नाही. वर्गात मुलींनी असं काही विचारलं तर मी बेधडक सांगते, माहीत नाही, बघून सांगेन. इथं का नाही म्हटलं?
वि. जेवले. पोळी मागून घेतली. आता ते वाट बघतायत, माझ्या शब्दावर. मासा मेला तर...

१७ एप्रिल, गुरुवार
तास चालू असताना सासूबाईंचा फोन. "माधवी, जल्दी ये. त्याचा हात बघ कसा झालाय."
उजवा हात मनगटापर्यंत सुजलेला. सोसेल इतक्या गरम पाण्यात धरून ठेवला, उष्णतेनं हे विष उतरतं. वि. ओरडत होते. मी धरून होते. सासूबाई मागून, "फेक त्या मुडद्याला गटारात! आधी फेक!" मग दवाखाना, इंजेक्शन, पट्टी.
रिक्षात विचारलं, "काच पुसत होतात का?"
"न्हाई."
"विषारी आहे, सांगितलं होतं ना मी?"
"माहीत होतं मला."
रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. 

१८ एप्रिल, शुक्रवार
मनाच्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं, विषासकट.  म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्राणिशास्त्र शिकवता ना?" 
एकटं सोडू नका, सोमवारी घेऊन या, म्हणाले. रजा टाकली. दुकानदार मासा परत घ्यायला तयार आहे. नेला तर वि. सकाळी उठतील कशासाठी? ठेवला तर... दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्ही बाजूंना तीच एक भीती दिसते.

२० एप्रिल, रविवार
बादली भरली, जाळी घेतली. मासा प्रवाळाच्या फांद्यांत घट्ट बसलेला. वि. स्टुलावरून बघत होते, थांबवत नव्हते. मीच थांबले.
"मुद्दाम घातला का हात?"

"दुखतं का, ते बघायचं होतं."
"मग?"
"दुखलं."
सासूबाई दारात उभ्या होत्या. 
यात धीर धरावा असं काही आहे, की जे मला वाटत होतं त्याहून हे वाईट आहे? खरंच कळत नाही. "उद्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगू?" विचारलं. "सांग." "आणि कात टाकण्याचं मी बोलले, ते मला नक्की माहीत नव्हतं." मान हलवली. कळलं होतं, की आत्ता कळलं? "मासा नेऊ का परत?" त्यांनी टाकीकडे मान वळवली.
जाळी ठेवून दिली. मासा टाकीत आहे, डोळे पांढरेच. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून पाटा उचलून आणला आणि टाकीच्या झाकणावर ठेवला. त्यांना एकटीला पेलला कसा, देव जाणे. वि. मघापासून त्या पाट्याकडे बघतायत. मी त्यांच्याकडे.